भिंतीवरचं चित्र आणि खोलीतली भट्टी

उन्हाळ्यात आपल्या वर्धा जिल्ह्यात पारा ४५ च्या पलीकडे गेला, तर कुणाला नवल वाटत नाही. दुपारी रस्ता ओस पडतो, कुत्री नालीच्या ओलाव्यात जाऊन पडतात आणि घरोघरी कूलरचा घरघराट सुरू होतो. अशाच एका एप्रिलमध्ये माझ्या हातून एक चूक घडली. ती तुम्हांला सांगायची आहे. मास्तरांच्या चुका मुलांनी ऐकल्या, तर त्यांचंही भलं होतं आणि मास्तरांचंही!

आमच्या शाळेला गावकऱ्यांनी वर्गणी काढून एक प्रोजेक्टर घेऊन दिला होता. मुलांना त्याचं भारी कौतुक. उन्हाळ्यातली सकाळची शाळा सुटायच्या बेतात होती, अकरा वाजून गेले होते. मुलं म्हणाली, "मॅडम, तो सूर्यमालेचा सिनेमा दाखवा ना जी!" मी हो म्हटलं. चित्र भिंतीवर स्पष्ट दिसावं म्हणून खिडक्या लावून घेतल्या, फटींत जुनी पोती कोंबली, दारावर चादर टांगली. वर्गात २८ मुलं, एक मी, एक प्रोजेक्टर, एक लॅपटॉप आणि छताला दोन पंखे.

पंधरा मिनिटं मजेत गेली. मग मागच्या ओळीतून आवाज आला, "मॅडम, लय गरम होऊन राहिलं." मी म्हटलं, "थांब रे, आता शनीची कडी येणार आहेत." शनी येण्याआधीच प्रोजेक्टरवर लाल दिवा लुकलुकला आणि चित्र गडप झालं! यंत्र तापलं की स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप बंद पडतं. मी त्याच्याशी खटपट करत होते, तेवढ्यात चौथीतली एक मुलगी भिंतीला टेकली आणि हळूच खाली बसली. चेहरा लालबुंद, डोळे अर्धे मिटलेले.

आम्ही तिला उचलून व्हरांड्यात नेलं. ओल्या फडक्यानं अंग पुसलं, वारा घातला, शुद्धीवर होती म्हणून घोट घोट मीठसाखरेचं पाणी पाजलं. दहा मिनिटांनी ती हसली. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. घरी जाताना मात्र एकच विचार मनात घोळत होता. यंत्राला गरम झालेलं कळलं आणि ते बंद पडलं. मुलांनी तर तोंडानं सांगितलं होतं, तरी मला का कळलं नाही?

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून या उष्णतेचा शोध घ्यायचं ठरवलं. चला, तुम्हीही या आमच्याबरोबर!

वीज जाते कुठे?

प्रत्येक विजेच्या उपकरणाच्या पाठीवर किंवा पोटावर एक लहानशी पट्टी असते. तिच्यावर 'वॉट' लिहिलेलं असतं. वॉट म्हणजे ते उपकरण किती वेगानं वीज खातं त्याचं माप. १ वॉट म्हणजे दर सेकंदाला १ ज्यूल ऊर्जा. जेम्स ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञानं १८४० च्या दशकात प्रयोग करून दाखवलं, की वीज असो की हातापायाची हालचाल, तिचं रूपांतर ठरावीक उष्णतेत होतं. म्हणून तर ऊर्जेच्या मापाला त्याचं नाव दिलं आहे.

आता सांगा पाहू, ३०० वॉटच्या प्रोजेक्टरनं खाल्लेली वीज जाते कुठे? तुम्ही म्हणाल, चित्र दाखवण्यात. बरोबर! पण तो प्रकाश भिंतीवर पडतो, थोडा इकडेतिकडे उडतो आणि शेवटी भिंती, कपडे, माणसं यांच्यात जिरतो. जिरला की झाली उष्णता! उरलेली वीज दिवा आणि आतले भाग तापवण्यात जाते. ती उष्णता प्रोजेक्टरचा पंखा फूं फूं करत बाहेर फेकतो. बाहेर म्हणजे यंत्राच्या बाहेर हं, खोलीच्या नव्हे! म्हणजे बंद खोलीत प्रोजेक्टरनं खाल्लेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन खोलीतच राहते.

टीव्ही, संगणक, सेट-टॉप बॉक्स, मोबाईलचा चार्जर, सगळ्यांची हीच कथा. अहो, पंख्याचीसुद्धा! छताचा जुना पंखा साधारण ७५ वॉट घेतो. तो हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. अंगावरचा घाम भराभर सुकतो म्हणून आपल्याला गार वाटतं. रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवला, तर खोली थंड होत नाही, उलट किंचित तापते. आणि फ्रीजचं दार उघडं ठेवून खोली गार करू म्हणाल, तर तेही फसेल. फ्रीज आतली उष्णता पाठीमागून खोलीतच सोडतो आणि मोटरची उष्णता वरून देतो!

सर्वांत मोठी शेगडी कोणती?

आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. प्रोजेक्टर ३०० वॉट, लॅपटॉप ५०, दोन पंखे १५०. बेरीज ५००.

"आणखी काय होतं वर्गात?" मी विचारलं. कुणी म्हणालं ट्यूबलाइट, पण ती तर बंद होती. मग ती काल घाबरलेली मुलगीच हळूच म्हणाली, "मॅडम, आपणच होतो ना जी!"

शाब्बास! आपलं अंगही एक शेगडीच आहे. खाल्लेल्या भाकरीतून ऊर्जा निघते आणि तिचा बराच भाग उष्णता होऊन अंगाबाहेर पडतो. शांत बसलेला मोठा माणूस साधारण १०० वॉट उष्णता देतो. लहान मूल त्याहून कमी देतं, आपण ६० धरू. मग २८ मुलांचे झाले १६८०, माझे १००. एकूण १७८०!

वर्ग एकदम शांत झाला. प्रोजेक्टरचे ३०० आणि आपले १७८०! सगळं मिळून सुमारे २३०० वॉट. बादलीत पाणी तापवायचा मोठा रॉड १५०० वॉटचा असतो. म्हणजे दारं-खिडक्या लावून आम्ही वर्गात दीड रॉड पेटवून बसलो होतो. वरून स्लॅबवर ऊन होतंच. खरा दोष प्रोजेक्टरचा नव्हता. काळोख करण्यासाठी मी हवा कोंडली, तो माझा दोष होता.

घरातला हिशेब

आता घराकडे वळू या. हल्ली पुष्कळ घरांत लहान प्रोजेक्टर आले आहेत. क्रिकेटचा सामना असला की शेजारपाजारची मंडळी जमतात आणि भिंतीचं होतं स्टेडियम! समजा, खोली १० फूट बाय १२ फूट आणि उंची १० फूट. तिच्यातल्या हवेचं वजन किती असेल? हसू नका, हवेलाही वजन असतं. अशा खोलीत सुमारे ३८ किलो हवा मावते. १ किलो हवा १ अंशानं तापवायला साधारण १००० ज्यूल लागतात, म्हणजे ३८ किलोला ३८,००० ज्यूल. २५० वॉटचं यंत्र दर सेकंदाला २५० ज्यूल देतं. भागाकार करा. उत्तर येतं १५२ सेकंद, म्हणजे अडीच मिनिटांत १ अंश!

चाणाक्ष मुलं लगेच विचारतील, मग दोन तासांत खोली ४८ अंशांनी का तापत नाही? कारण भिंती, फरशी आणि छत त्यातली बरीच उष्णता गिळून टाकतात. हवा अवघी ३८ किलो, पण भिंतींचं वजन हजारो किलो असतं. शिवाय फटींतून थोडी हवा बाहेर जातच असते. हिवाळ्यात भिंती गार असतात, म्हणून हे गिळणं सुखानं चालतं. मे महिन्यात मात्र भिंतींनी दिवसभर ऊन पिऊन घेतलेलं असतं. संध्याकाळी त्यांचं पोट भरलेलं असतं आणि त्याच उलट आपल्याला उष्णता परत देऊ लागतात. म्हणून रात्री आठचा सामना डिसेंबरात गंमतीचा वाटतो आणि मे महिन्यात जीव नकोसा करतो. यंत्र तेच, खोलीही तीच, फक्त भिंतीचं पोट वेगळं!

बापूंची कुटी काय सांगते?

भिंतीची गोष्ट निघाली की वर्ध्याच्या माणसाला सेवाग्राम आठवल्याशिवाय राहत नाही. महात्मा गांधी १९३६ साली शेगाव या लहानशा खेड्यात राहायला आले. पुढे १९४० साली त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. तिथली बापू कुटी तुम्ही पाहिली असेलच. मातीच्या जाड भिंती, बांबू आणि लाकूड, वर कौलं, भोवती पडवी. सगळं सामान आसपासच्या मुलखात मिळणारं.

आम्ही मुलांना सहलीला नेलं, तेव्हा दुपारचं ऊन होतं. आत शिरल्यावर एक मुलगा भिंतीजवळ हात नेऊन म्हणाला, "इथं तर कूलर नाही, तरी गार कसं?" त्याचं उत्तर भिंतीच्या जाडीत आहे. जाड मातीत उष्णता हळूहळू शिरते. बाहेरची दुपार आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि तोवर बाहेर हवा निवायला लागते. पडवीमुळे ऊन थेट भिंतीवर पडत नाही. कौलांच्या फटींतून वर गेलेली गरम हवा निघून जाते. आणि महत्त्वाचं म्हणजे, कुटीत उष्णता निर्माण करणाऱ्या वस्तू जवळपास नव्हत्याच!

हे शहाणपण कुटीपुरतं राहिलं नाही. वर्ध्यात १९७६ साली देवेंद्रकुमार यांनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केलं. कुंभाराच्या चाकावर घडवलेली शंकूसारखी कौलं एकमेकांत अडकवून कमानदार छप्पर करायची रीत तिथे वापरली गेली. त्या कौलांत हवा कोंडलेली असते आणि कोंडलेली हवा उष्णतेला सहजी पुढे जाऊ देत नाही. गंमत पाहा! वर्गात हवा कोंडली तर त्रास झाला आणि छपरात कोंडली तर सुख. हवा तीच, जागा बदलली.

तापणारे जुने दिवे

चित्र दाखवणारं यंत्र तापतं, ही काही आजची गोष्ट नाही. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हातानं चित्रं रंगवायची आणि दिव्याच्या उजेडानं ती पडद्यावर मोठी करून दाखवायची. अशा यंत्रांच्या डोक्यावर चक्क धुराडं असे, गरम हवा वर निघून जावी म्हणून!

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. त्यांच्या यंत्रात दिव्यापुढे पाण्यानं भरलेला काचेचा गोल चंबू वापरत. पाण्यातून प्रकाश पुढे जाई, पण उष्णतेचा बराच भाग पाणीच शोषून घेई. त्यामुळे फिल्म जळायची भीती कमी होई. किती साधी युक्ती!

पुढे जत्रेतल्या तंबूत सिनेमे आले. यंत्रात कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये झगझगीत ठिणगी पेटत असे. फिल्म क्षणभर अडकली की पडद्यावर तपकिरी डाग पसरत जाई. ती फिल्म जळत असे! तुमच्या आजोबांना विचारून पाहा, त्यांना आठवेल. तेव्हाचे यंत्र चालवणारे उष्णतेला विसरत नसत. आजचं यंत्र लहान आणि देखणं आहे, म्हणून आपण विसरतो.

थंड देशांत मात्र हीच उष्णता हवीहवीशी असते. स्वीडनच्या स्टॉकहोम शहरात मोठमोठ्या संगणक केंद्रांतली उष्णता गरम पाण्याच्या नळांतून नेऊन घरं उबदार ठेवायला वापरतात. त्यांचं वरदान ते आपलं संकट. शेवटी गावाचं हवामान पाहूनच शहाणपण ठरतं.

मग करायचं काय?

आमच्या मुलांनी मिळून नियम केले. घरी आईबाबांनाही वाचून दाखवा.

पहिला नियम वेळेचा. उन्हाळ्यात प्रोजेक्टर सकाळी आठच्या आधी किंवा रात्री उशिरा, खिडक्या उघडून लावायचा. दुपारी खिडकी उघडावी तर बाहेरची ४५ अंशांची झळ आत येते, लावावी तर आपलीच उष्णता कोंडते. दोन्हीकडून कात्रीत! म्हणून दुपारी यंत्रच बंद ठेवणं उत्तम.

दुसरा नियम काळोखाचा. खिडक्या बंद करून काळोख करू नका. चित्र लहान करा, भिंतीच्या जवळून दाखवा, म्हणजे थोड्या उजेडातही स्पष्ट दिसतं. गडद पडदा खिडकीपासून वीतभर दूर टांगला, तर उजेड अडतो आणि हवा बाजूनं जाते.

तिसरा नियम कूलरचा. १ लिटर पाणी वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता घेऊन जातं. ताशी ६ लिटर पाणी पिणारा कूलर म्हणजे जवळजवळ ४००० वॉट उष्णता शोषणारा गडी! पण त्याला दोन गोष्टी लागतात. मागून कोरडी हवा मिळायला हवी आणि समोरून दमट हवेला बाहेर जायला खिडकी हवी. बंद खोलीत कूलर लावला तर खोलीत नुसती चिकचिक होते. बाजूला माठ झाकून ठेवता ना? तोही असाच पाझरून गार होतो.

चौथा नियम यंत्राचा. प्रोजेक्टरभोवती चारी बाजूंनी हातभर जागा मोकळी ठेवा. गादीवर, उशीवर ठेवू नका, वर कापड टाकू नका. हवेच्या जाळीतली धूळ मोठ्या माणसाकडून साफ करून घ्या, यंत्र स्वतः उघडू नका. बंद केल्यावर त्याचा पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका, कारण आतला दिवा तेव्हा चांगलाच तापलेला असतो. त्याच्या झोतात डोळे घालून तर कधीच पाहू नका.

पाचवा नियम लहानसहान शेगड्यांचा. टीव्ही रिमोटनं बंद केला तरी सेट-टॉप बॉक्स कोमट राहतो, हात लावून पाहा. रात्री झोपताना बटण भिंतीवरच बंद करा. ६० वॉटच्या जुन्या बल्बऐवजी ९ वॉटचा एलईडी लावला, तर उजेड जवळपास तेवढाच पडतो आणि ५१ वॉट उष्णता वाचते. मोबाईल उशीखाली ठेवून चार्ज करू नका.

सहावा नियम सर्वांत मोठा. यंत्राआधी माणूस! अर्ध्या तासाच्या चित्रानंतर सगळ्यांनी बाहेर जायचं, पाणी प्यायचं. हवा ४० च्या पुढे गेली की नुसता पंखा अंगावर गरम वारा मारतो. तेव्हा ओलं फडकं हवं. कुणाचं डोकं दुखलं, मळमळलं, चक्कर आली तर लगेच सावलीत, मोकळ्या हवेत न्या, अंग ओलं करा, वारा घाला. आणि कुणी असंबद्ध बोलू लागलं किंवा बेशुद्ध पडलं, तर तोंडात पाणी न घालता ताबडतोब १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा.

तुमच्यासाठी एक प्रयोग

घरातल्या उपकरणांच्या पट्ट्या वाचा आणि वहीत तक्ता करा. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात वॉट, तिसऱ्यात रोज किती तास. मग वॉट आणि तास यांचा गुणाकार करून १००० नं भागा. उत्तर येईल ते झाले रोजचे युनिट. १ युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल! ते आधी विजेच्या बिलात आणि मग खोलीच्या हवेत जातात. शेवटी घरातल्या माणसांचेही वॉट मांडायला विसरू नका. आजीचे १०० वॉट मात्र कधी कमी करायचे नाहीत बरं का!

१९३७ साली वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि 'नई तालीम'चा विचार पुढे आला. हातानं काम करता करता शिकायचं, असा तो विचार. सूर्यमालेचा तो सिनेमा आमचा अर्धाच राहिला होता. पुढच्या आठवड्यात आम्ही तो सकाळी साडेसातला, खिडक्या उघड्या ठेवून पाहिला. चित्र जरा फिकट दिसलं, पण शनीची कडी सगळ्यांना दिसली. तापमापी भिंतीला टांगलेली होती आणि दर पाच मिनिटांनी तिचा आकडा मोठ्यानं वाचायचं काम कुणाकडे होतं, ठाऊक आहे? त्याच चौथीतल्या मुलीकडे. शेवटचा आकडा वाचून ती म्हणाली, "मॅडम, आता बंद करा जी. पाणी प्यायची वेळ झाली."

मी लगेच बंद केला.